इतिहास कुठनं सुरू करू? तुम्ही विचारलंत म्हणून

शाळेतून निवृत्त झालो तरी मुलं घरी यायची थांबलेली नाहीत. बहुतेक स्पर्धा परीक्षेची असतात, अभ्यासिकेत रात्री काढणारी. कधी त्यांचे आईवडीलही येतात. प्रश्न एकच असतो. ‘सर, भारताचा इतिहास पहिल्यापासून आजपर्यंत नीट वाचायचाय, कुठनं सुरू करू?’ त्यांना पुस्तकाचं नाव हवं असतं. मी म्हणतो, आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीपासून. मग पोरं एकमेकांकडे बघतात. सरांचं आता वय झालं, असा त्या बघण्याचा अर्थ असतो. इतक्या जणांनी विचारलंय, तर एकदा सविस्तर सांगून टाकतो.

पुस्तकं हडप्पापासून सुरू होतात, आणि ते बरोबरच आहे. पण कोल्हापुरात हडप्पा नाही. त्या संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या खुणा महाराष्ट्रात सापडल्या त्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी. पंचगंगेपर्यंत त्या आलेल्या नाहीत. ‘आमचा पाच हजार वर्षांचा इतिहास’ असं आपण व्यासपीठावरून ठणकावतो, तेव्हा त्यातली निम्मी वर्षं तरी दुसऱ्याच्या गावची असतात. याचं मला वाईट वाटत नाही. देश म्हटला की दुसऱ्याच्या गावचंही आपलं म्हणायचं असतंच. फक्त आपल्या गावात नेमकं काय आहे, हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरं कारण जरा भांडणाचं आहे. १८१७ साली जेम्स मिल नावाच्या साहेबाने भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन कप्पे पाडले. हा गृहस्थ भारतात कधी आलेला नव्हता. आपण पुढे पाट्या बदलल्या, प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशा केल्या, पण कप्पे बरेचसे तेच ठेवले. कोल्हापुरातली एकेक गोष्ट त्यांत घालून बघा. एकही कप्पा नीट बंद होत नाही.

ब्रह्मपुरीचं टेकाड पंचगंगेच्या घाटाजवळ आहे. तिथे राजाराम कॉलेजच्या प्रा. कुंदनगारांना जुन्या वस्तू सापडल्या आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी रीतसर उत्खनन केलं. सातवाहनकाळातली विटांची घरं निघाली, नाणी निघाली. याच जागेवरच्या काशाच्या वस्तूंमध्ये एक छोटी मूर्ती होती, ती चक्क पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे! रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापारातून हा देव कोकणातल्या कुठल्यातरी बंदरात उतरला असणार आणि कुणाच्यातरी गाठोड्यातून घाट चढून वर आला असणार. ती मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियमची. निम्म्या कोल्हापूरने ती पाहिलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो.

त्याच सुमाराला, दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात बालेओकुरोस नावाच्या राजाची नोंद केली आहे. कोल्हापुरात विळिवायकुर या राजाची नाणी सापडली आहेत आणि हे दोघे एकच असावेत असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या राजाचं नाव इजिप्तमध्ये बसलेल्या माणसाच्या कानावर गेलेलं होतं. तरीही उत्तरपत्रिकेत मुलं लिहितात की १४९८ साली वास्को द गामाने भारताचा शोध लावला. शोध कुणाला लागला, एवढं तरी लिहा की!

पुढचा मुक्काम अंबाबाई. संजाण इथे सापडलेला ८७१ सालचा एक राष्ट्रकूट ताम्रपट आहे. प्रजेवरचं संकट टळावं म्हणून अमोघवर्ष राजाने आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं त्यात म्हटलंय. ती महालक्ष्मी म्हणजे आपली अंबाबाई, असं मानतात. राजाची राजधानी मान्यखेट आज कर्नाटकात, ताम्रपट सापडला ते संजाण गुजरातेत आणि देवी इथे. नवव्या शतकातली ही एक गोष्ट सांगायला आज तीन राज्यं लागतात.

शिलाहार राजघराण्याच्या काळात तर आपले बरेचसे शिलालेख कन्नडमध्ये आहेत. हे ऐकून काही लोकांचा चेहरा पडतो. पडू दे. शिलाहार गंडरादित्याने मिरजेच्या बाजूला तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन (म्हणजे जैनांचा तीर्थंकर) अशा तिघांची स्थापना केली, असं त्याचा ताम्रपट सांगतो. पन्हाळ्यावर राहणाऱ्या दुसऱ्या भोजाला १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने हरवलं आणि शिलाहारांचं राज्य संपलं. खिद्रापूरच्या कोपेश्वराला शिलाहारांचा हात लागलाय आणि यादवांचाही. मिलसाहेबाच्या पहिल्या कप्प्यात हे सगळं नुसतं ‘हिंदू’ म्हणून जातं. त्यात गंडरादित्याचा बुद्ध आणि जिन कुठे बसवायचा?

बहामनी आणि आदिलशाहीवर मी फार वेळ घालवत नाही. पन्हाळ्याचा तीन दरवाजा निवांत बघा आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: विजापूरच्या सुलतानाचा महसुली हिशेब गावोगाव मराठी कारकून मराठीत लिहीत होते. पुढे स्वराज्याला कारभार चालवायला माणसं मिळाली ती काही आभाळातून पडलेली नव्हती.

आता इंग्रज. ‘इंग्रजांचं राज्य कधी आलं?’ असं विचारलं की पोरं एका दमात १७५७, प्लासी म्हणून मोकळी होतात. बंगालला ते खरंही आहे. आपल्याकडे इंग्रज त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी आला, तोही भाडोत्री गोलंदाज म्हणून. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, महाराज वर अडकले होते. तेव्हा राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. विजापूरकरांकडून व्यापाराच्या सवलती काढायच्या, हा हिशेब. महाराज पावसात विशाळगडाकडे निसटले, बाजीप्रभू खिंडीत पडले, हे तिसरीतल्या पोरालाही पाठ असतं. पण दुसऱ्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकलं, हे फारसं कुणी सांगत नाही. व्यापारी असाल तर व्यापार करा, आमच्या लढाईत तोफा का आणल्या, हा सरळ सवाल होता. तो सवाल १७५७ च्या आधी सगळ्यांनीच इतक्या कडकपणे विचारला असता तर काय झालं असतं, असल्या तर्काला माझ्या वर्गात बंदी होती. अजूनही आहे.

पुढचं दीडशे वर्षांचं प्रकरण मात्र आपण आपल्याच हाताने केलं. ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर वेगळी गादी केली. १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणा नदी ही सातारा आणि कोल्हापूर यांच्यातली हद्द ठरली आणि भावाभावांच्या वाटणीवर शिक्का बसला. मग पेशव्यांशी, पटवर्धनांशी, निपाणकरांशी, सावंतवाडीकरांशी भांडणं. कंपनी बंदरावर लक्ष ठेवून होती. १७६५ साली इंग्रजांनी मालवणचा किल्ला घेतला, पुढच्या वर्षी तह करून परत दिला. १८१२ साली मालवण कायमचं गेलं आणि त्याच तहात कोल्हापूरने मान्य केलं की इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या राज्याशी लढणार नाही. बदल्यात संरक्षण. इतरांना वाटावं कोल्हापूर वाचलं. सहा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि आमची गादी राहिली, त्यामुळे अजूनही काही जण छाती काढून म्हणतात, ‘कोल्हापूर इंग्रजांच्या ताब्यात कधी नव्हतंच.’

तर मग १८४४ साली काय झालं? इंग्रजांनी बसवलेल्या कारभाऱ्याने महसुलाची घडी बदलायला घेतली, गडकऱ्यांची, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिबंदीची, वतनं आणि मान धोक्यात आले. सामानगडाचे दरवाजे बंद झाले, भुदरगड उठला, बंडाचं लोण सावंतवाडीपर्यंत गेलं. पलटणी आणून ते मोडलं, त्यानंतर कारभार उघडउघड साहेबाच्या हातात गेला. हे १८५७ च्या तेरा वर्षं आधी. आणि ५७ साली ३१ जुलैला इथल्या २७ व्या पलटणीने बंड केलं, डिसेंबरात शहर पुन्हा उठलं. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय आला आणि त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. ते परत आले नाहीत. ‘ताब्यात नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं चिमासाहेबांना विचारून यावं.

कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं (शिवरायांचे पुत्र ते वेगळे) दुखणं मला अजून वेगळं वाटतं. वीस-एकवीस वर्षांचा हा राजा १८७० साली इंग्लंडला गेला आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये वारला. आर्नो नदीच्या काठावर त्याला अग्नी दिला. तिथे आजही त्याची छत्री आणि पुतळा आहे. नवराजवाड्याचं काम केलेल्या मेजर मँटचाच त्यात हात होता. दोन हजार वर्षांपूर्वी त्या मुलखाकडून इथे समुद्रदेव आला होता, या वेळी इथून तिकडे राजा गेला. दोन्ही प्रवासांत फरक एवढाच की दुसऱ्या वेळी प्रवासाला निघायची परवानगी साहेबाकडून घ्यावी लागत होती.

इथे हमखास उपप्रश्न येतो, ‘पण सर, आधुनिक तर इंग्रजांनीच केलं ना आपल्याला?’ रेल्वे, कॉलेज, छापखाना, कायदा, हे सगळं इंग्रजी अमलात आलं, नाकारायचं कशाला. कोल्हापुरात रेल्वे १८९१ साली आली. पण सक्तीच्या शिक्षणाचं बघा. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं शालेय शिक्षण कागल-कोल्हापुरातलं. त्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. साहेबाच्या सरकारने दुसऱ्या वर्षी ते पाडलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्याआधीच आपल्या राज्यात ते करून दाखवलं होतं, आणि १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात केलं. दोन्ही संस्थानं! जगावर राज्य करणाऱ्यांना जे परवडत नव्हतं, ते गुळाच्या आणि शेतसाऱ्याच्या उत्पन्नावर आमच्या महाराजांना परवडलं.

आणि २६ जुलै १९०२. मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा. महाराज तेव्हा विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेले होते. एकीकडे बादशहासमोर हजर राहायचं, दुसरीकडे गॅझेटमध्ये असा हुकूम काढायचा, ही कसरत समजून घेतल्याशिवाय तो काळ कळत नाही. १९२० साली माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगितलं, हा तुमचा पुढारी. साहेबाची मान्यता राखून, साहेबाला न विचारता, आतल्या आत समाज हलवायचा, असा हा मार्ग होता. त्याला इंग्रजांची देणगी म्हणणं मला जड जातं.

तरी राजा तो राजा. प्रजेला काही म्हणायचं असतं. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजापरिषदेने १९३९ पासून तेच म्हणायला सुरुवात केली. ब्रिटिश मुलखात लढाई एका मालकाशी होती, आमच्याकडे दोघांशी: दरबाराशी आणि दरबाराच्या मागे उभ्या साहेबाशी. ४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याचा चेहरा विद्रूप केला. त्या जागी पुढे शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, तो आजचा शिवाजी चौक. रोज हजारो गाड्या तिथून वळतात.

पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि कोल्हापूर संस्थानच राहिलं. विलीनीकरण झालं १ मार्च १९४९ ला. या दीड वर्षातलीच एक गोष्ट गावात कुणी मोठ्याने बोलत नाही. गांधीजींच्या खुनानंतर इथे ब्राह्मणांची घरं जाळली गेली, चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळला. शाहू महाराजांचं नाव घेताना उर भरून येणाऱ्या गावाने हेही सांगायला हवं. माझ्या वर्गात मी सांगायचो. पालकांच्या तक्रारी आल्या, तरी सांगायचो.

माझे वडील कोल्हापूर संस्थानात जन्मले, मी मुंबई राज्यात, धाकटा भाऊ महाराष्ट्रात. घर एकच. राज्यघटनेवर सही करणाऱ्यांत रत्नाप्पा कुंभार आहेत, म्हणजे संस्थानविरुद्ध झगडणारा माणूस थेट देशाच्या कागदावर.

‘यातलं परीक्षेला किती येतं?’ हा शेवटचा प्रश्न ठरलेला. १९०२ येतं, माणगाव येतं, वारणेचा तह कधीमधी येतो. रेव्हिंग्टन आणि सामानगड नशिबावर. परीक्षेसाठी नेहमीची पुस्तकं वाचाच, मी कुठे नको म्हणतोय. पण संस्थानी दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इथल्या पुराभिलेखागारात पडून आहेत, मोडीत लिहिलेले, आणि ते उघडून बघणारी माणसं फार थोडी. मोडी काही अवघड नाही, नेटाने बसलं की महिन्या-दोन महिन्यांत वाचता येते. मी शिकवतो, फी नाही. परीक्षा झाली की या, रविवारी सकाळी मी घरीच असतो.