पक्षीनिरीक्षण गट, तिसरा महिना: ९ वरून ६३

ऑक्टोबरात वॉट्सअ‍ॅपवर गट काढला तेव्हा ९ जण होतो, आज सकाळी मोजले तर ६३. पण हे ६३ कसे झाले ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्यातले बरेच जण आपापल्या तालुक्यात असे गट काढायच्या बेतात आहेत.

आधी पत्रकं छापली. ५०० प्रती, क्यूआर कोड, वर मोठ्ठ्या अक्षरांत 'सामील व्हा', आणि गोव्यात फोंड्याच्या बाजारात नि बसस्टँडवर दोन संध्याकाळी उभं राहून वाटली. आले ६. मग पैसे भरून ऑनलाइन जाहिरात चालवली चार दिवस, त्यातून १४ आले पण बहुतेक गोव्याबाहेरचे, त्यांना करमळीचं तळं कुठे तेच माहीत नाही, आठवडाभरात निघून गेले. त्यांचा काय दोष, त्यांच्यासाठी गटात काही नव्हतंच.

डिसेंबरात पोस्टर बदललं. 'सामील व्हा' काढून टाकलं आणि फक्त एक मोठा फोटो लावला, पिवळं अंग, काळं डोकं, गळा शेंदरी लाल, आणि खाली 'हा गोव्याचा राज्यपक्षी. कधी पाहिलाय?' वाचनालयात, देवळाच्या फलकावर, आमच्या पोदेराच्या बेकरीत, जिथे विचारलं तिथे लोकांनी आनंदाने लावू दिलं. हा बुलबुल जंगलाकडचा, रोज अंगणात दिसणारा नव्हे, त्यामुळे लोक अंगणातल्या बुलबुलाचे फोटो पाठवून 'हाच का तो?' विचारायला लागले. एका आजीने नातवाकरवी व्हॉइस मेसेज पाठवला, 'हें कसलें सुकणें?' (हा कुठला पक्षी?) म्हणून, मागे तांबट पक्ष्याचा टुक टुक आवाज, मी तो दहा वेळा तरी ऐकला असेन!

आणि खरी गोष्ट इथेच आहे. नवीन माणसाच्या पहिल्या फोटोला त्याच दिवशी, त्याचं नाव घेऊन उत्तर गेलं की तो राहतो. दोन दिवस गप्प राहिलो तेव्हा माणसं गेली. म्हणून आता आम्ही तिघांनी वार वाटून घेतलेत, आणि पक्ष्याचं मराठी नि कोंकणी दोन्ही नाव द्यायचं असं ठरवलंय.

दुसरं, मागणं छोटं ठेवायचं. पूर्ण सकाळची सहल म्हटलं की लोक कचरतात, '१५ मिनिटं पक्षी मोजूया' म्हटलं की येतात. फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेलाही दिसलेल्या पक्ष्यांच्या एका यादीसाठी किमान १५ मिनिटंच लागतात, तिथूनच हे सुचलं. करमळी स्टेशनाशेजारच्या तळ्यावर ११ जण जमले, अडई बदकांचे थवे, तलवार बदकं, कमळपक्षी, आणि १५ मिनिटांचे दोन तास कधी झाले कळलंच नाही. त्यातल्या सात जणांनी आपली एकेक ओळखीची व्यक्ती गटात आणली, छापील पत्रकांपेक्षा जास्त!

कुडचडेच्या नंदा तळ्यावर अजून जमलेलं नाही. २०२२ मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं ते, पण त्या बाजूचा एकही सभासद नाही आपल्यात, कोणी तिथे राहत असेल तर मला नक्की कळवा.

येत्या रविवारी रायबंदरहून फेरीने चोडणला, सालिम अली अभयारण्यात. वेळ ओहोटी बघून शनिवारी कळवतो, चिखल उघडा पडला की पक्षी खाली उतरतात. दुर्बिणी चारच आहेत, असेल त्यांनी आणा.