१० हर्ट्झचं शिखर ८ वर आणताना

अल्झायमरमध्ये डोक्याच्या मागच्या भागातली अल्फा लय मंदावते. जाग्या, डोळे मिटलेल्या माणसाच्या ईईजीत, म्हणजे टाळूवरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, ती ८ ते १३ हर्ट्झची असते. आजार वाढतो तसं तिचं शिखर, म्हणजे जिथं तिचा जोर सगळ्यात जास्त ती वारंवारता, खाली सरकतं आणि ४ ते ८ हर्ट्झची थीटा लय बळावते. हे संगणकावर उतरवायचं तर आधी हाती आलेला ईईजी स्वच्छ हवा, आणि नागपुरात पहिली गोची तिथंच होते.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की टाळूवर घाम येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये १ हर्ट्झच्या खालच्या संथ लाटा उमटतात. घाईत त्याच डेल्टा, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात संथ लहरी, म्हणून मोजल्या जातात. आम्ही वेळ सकाळची धरली, कुलर चालूच ठेवला. कुलरमुळे आलेला ५० हर्ट्झचा गोंगाट नॉच फिल्टरने (तेवढीच वारंवारता गाळणाऱ्या चाळणीने) जातो. घामाची लाट मात्र १ हर्ट्झखालचं गाळूनही थोडी उरतेच.

त्याहून फसवी डुलकी. पेंग आली की अल्फा मोडते, थीटा येते, आणि धडधाकट माणूसही आलेखात रुग्णासारखा दिसतो. म्हणून टेक्निशियन मिनिटामिनिटाला सांगत राहते, "काकाजी, डोळे मिटा, पण झोपू नका हं." गुंगीच्या औषधांनीही लय मंदावते, तेव्हा गोळ्यांची यादी रेकॉर्डिंगसोबतच लिहून घ्यायची.

संगणकासाठी मॉडेल जॅन्सन-रिटचं घेतलं, १९९५ चं; त्यात मेंदूच्या सालीचा एक छोटा स्तंभ गणितात मांडलेला असतो. पिरॅमिडल, उत्तेजक आणि दमनकारी अशा पेशींचे तीन गट, सहा समीकरणं. उत्तेजक विभव (पेशीतला विद्युत बदल) ३.२५ मिलिव्होल्ट, त्याच्या चढ-उताराचा दर सेकंदाला १००. दमनकारी विभव २२ मिलिव्होल्ट, त्याचा दर सेकंदाला ५०. गटांमधल्या जोडणीचा आकडा १३५. बाहेरून येणारे स्पंद सेकंदाला १२० ते ३२०. एवढ्यावर १० हर्ट्झच्या आसपास लय मिळते. सुरुवातीची २ सेकंदं टाकून द्यायची. मग स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेत किती जोर आहे ते, वेल्च पद्धतीने तुकड्यातुकड्याने काढायचा; तुकडा (खिडकी) ४ सेकंदांचा ठेवायचा, म्हणजे पाव हर्ट्झचा फरक दिसतो.

पहिली चूक मॉडेलमधल्या गोंगाटात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या स्पंदांच्या यादृच्छिक चढ-उतारात, झाली. गणिताच्या दर वेळ-पायरीला नवा यादृच्छिक आकडा टाकत होतो; पायरी १ मिलिसेकंदावरून ०.१ वर आणली तसा गोंगाटाचा जोर दहापट घटला आणि निकाल बदलला. गोंगाटाचा भाग पायरीच्या वर्गमुळाने जोडला, तेव्हा गाडी रुळावर आली.

मग शिखर खाली आणायचं. दोन्ही दर १०० आणि ५० वरून ८० आणि ४० केले, विभव त्याच प्रमाणात २.६ आणि १७.६ केले, तर १० चे बरोबर ८ हर्ट्झ होतात. पाहून आनंद होतो, पण यात आजार काहीच नाही. समीकरणात फक्त काळ ताणला गेला, घड्याळ हळू केलं इतकंच. अल्झायमरमध्ये सिनॅप्स (पेशींमधले सांधे) झडतात म्हणून जोडणी १३५ वरून ६८ वर नेली, तर लय मंदावत नाही, विरून जाते. मेंदूत लय मंदावते, या मॉडेलमध्ये विझते. हा फरक आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला. एका स्तंभात सगळं बसवण्याचा हट्ट तिथंच सोडला आणि थॅलॅमस (मेंदूच्या आतलं केंद्र) आणि कॉर्टेक्स (मेंदूची साल) यांचं वर्तुळ जोडायला घेतलं.

एक सापळा आणखी. येणारे स्पंद सेकंदाला सुमारे ११४ ते १३७ असतील तर मॉडेलमध्ये दोन लयी शक्य असतात: एक अल्फा, दुसरी ५ हर्ट्झखालची टोकदार. कुठली मिळेल ते सुरुवातीच्या आकड्यांवर ठरतं. स्पेक्ट्रममध्ये दुसरीचं शिखर अगदी मंदावलेल्या लयीसारखं दिसतं. मूळ लाट उघडली की अपस्माराच्या झटक्यासारखे काटे समोर येतात. त्यामुळे आता प्रत्येक धावेचे १० सेकंद डोळ्यांनी पाहतो, मगच स्पेक्ट्रम काढतो.