टीखालची शेपटी

प्रबंधासाठी मला ‘व्याचा रोमनेआस्क’चे सुरुवातीचे अंक हवे होते. १९०६च्या मार्चमध्ये रोमानियातल्या याश शहरातून कॉन्स्टान्तिन स्तेरे आणि मंडळींनी हे मासिक काढलं. साहित्य आणि शेतकऱ्यांचं राजकारण, दोन्ही एकाच मांडवाखाली. त्याआधीचं बुखारेस्टचं ‘समनतोरुल’ (म्हणजे पेरणारा) मी चाळलं होतं, पण त्यातलं खेडं मला फारच गोड वाटलं.

एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत नाव टाकलं. काहीच नाही. तीन दिवस उलटसुलट करून पाहिलं, तरी नाही. घोळ निघाला अक्षराचा. ‘व्याचा’तल्या रोमानियन टीखाली सुटा स्वल्पविराम असतो, सूची भरणाऱ्याने टीला चिकटलेली शेपटी असलेलं अक्षर वापरलं होतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला नाही. गंमत म्हणजे या अक्षराचा उच्चार आपल्याला फुकटात मिळतो: ‘चमचा’तला च, ‘चहा’तला नव्हे.

अंक मिळाले आणि तारखांनी छळायला सुरुवात केली. १९०७चा शेतकऱ्यांचा उठाव फ्लमन्झ गावात पेटला, तो एका पुस्तकात ८ फेब्रुवारीला, दुसऱ्यात २१ला. मी छापखान्याला दोष देऊन मोकळा झालो. खरं तर दोन्ही बरोबर होत्या. रोमानियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, तेरा दिवस मागे. थेट १९१९ साली ३१ मार्चनंतर १४ एप्रिल उजाडला! तिथी-तारखेत वाढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून वहीत प्रत्येक तारखेपुढे ‘जु’ किंवा ‘न’ लिहितो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पुढे दादा या कलाचळवळीमुळे गाजलेल्या कवी त्रिस्तान त्साराने. १९१२च्या ‘सिम्बोलुल’ या नियतकालिकाचे जेमतेम चार अंक निघाले. इओन विनेआ आणि मार्सेल यांको यांच्यासोबत ते काढणाऱ्यांत तोही होता, वय सोळा. पण अंकांत त्सारा कुठेच सापडेना. पुन्हा शेपटी तपासली, तारखाही तपासल्या. शेवटी कळलं की पोरगा तेव्हा ‘एस. सामिरो’ नावाने कविता छापायचा. मूळ नाव सामुएल रोझेनस्टॉक. म्हणजे ज्या पानावर मी दोनदा येऊन गेलो होतो, तिथेच तो बसलेला.

त्या सूचीत सामिरो आणि त्सारा अजूनही दोन वेगळे कवी आहेत. दुरुस्तीसाठी ईमेल केलाय, टीची शेपटीही त्यातच कळवली. अजून उत्तर नाही.