इशारा पोचला होता

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाबांच्या फोनवर उष्णतेचा इशारा आला. त्यांनी तो वाचला, चष्मा लावून, आईला ऐकू जाईल असा मोठ्याने. "उद्या नारिंगी आहे," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने सरकलं होतं, ते तारेने बांधायचं होतं.

तासाभराने मी वर गेले, तेव्हा ते टाकीला टेकून बसले होते. "बाबा, खाली येताय ना?" असं विचारलं, तर त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. बघत माझ्याकडेच होते, पण ओळख नव्हती. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण तेव्हा मला हे माहीत होतं म्हणूनच पुढचं नीट झालं. उन्हाने दमलेल्या माणसाला मळमळतं, चक्कर येते, घामाच्या धारा लागतात. त्याला सावलीत आणून घोट घोट पाणी दिलं की बहुतेक वेळा तो सावरतो. पण माणूस बरळायला लागला, ओळख विसरला, की तो उष्माघात समजायचा. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंग थंड करत राहायचं. दादाने आणि मी बाबांना उचलून जिन्यात आणलं, सदरा काढला, बादल्यांनी पाणी ओतलं, ओल्या चादरीवर पंखा लावला, मानेला आणि काखेत बर्फ धरला. ॲम्ब्युलन्स आली तोवर त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली होती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ते म्हणाले, "लाल असता तर मी चढलोच नसतो गं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. इशारा वेळेवर आला होता, बरोबर होता, वाचलाही गेला होता. फक्त त्याचा अर्थ आमच्या घरात कुणी लावला नव्हता. नारिंगी म्हणजे 'लालपेक्षा कमी' एवढंच आम्ही समजत होतो. खरं तर नारिंगी म्हणजे आजच तयारीला लागा. शिवाय इशाऱ्यातला आकडा सावलीतला असतो. तापमापक जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, हवेशीर पेटीत, उन्हापासून झाकून ठेवतात. सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतं ते त्याहून कितीतरी अधिक. त्यात हवा दमट असली तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. मी आता दिवसाच्या आकड्याआधी रात्रीचा आकडा बघते. रात्रीही गारवा नसेल तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि दुसरा-तिसरा दिवस पहिल्यापेक्षा घातक ठरतो.

बाबा घरी आल्यावर मी बरंच वाचलं. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने ७०,००० हून अधिक माणसं गेली, एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,०००. त्यांत म्हातारी माणसं फार होती, कितीतरी जण घरी एकटे. पुढच्याच वर्षी फ्रान्सने उष्णतेच्या इशाऱ्यांची व्यवस्था उभी केली. अहमदाबादने २०१०च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर, २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला. अशा आराखड्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे इशारा आल्यावर कुणी काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

याच्या उलट झालं ते आर नदीच्या खोऱ्यात. जुलै २०२१मध्ये जर्मनीतल्या पुराआधी चार दिवस युरोपीय पूर-इशारा यंत्रणेकडून सूचना जायला लागल्या होत्या. पूर आला १४ तारखेच्या रात्री. त्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. झिंत्सिग गावात दिव्यांगांच्या एका निवासात १२ रहिवासी तळमजल्यावर बुडाले. वरचा मजला जवळच होता. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

पुराच्या इशाऱ्याशी आमची गाठ पडली ती बाबांना ऊन लागलं त्याच वर्षी. मी आणि दादा गाडीत होतो आणि दोघांचे फोन एकदम किंचाळले. असा संदेश त्या भागातल्या टॉवरवरून एकाच वेळी सगळ्या फोनवर जातो, त्याला नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. समोर भुयारी रस्ता, त्यात तपकिरी पाणी. घोट्याएवढं वाटत होतं. "एवढ्यात काय होतंय," दादा म्हणाला. मी म्हटलं, "दादा, मागे फिर." वाहतं पाणी अर्ध्या फुटाचं असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते, दोन फुटांत बहुतेक सगळ्या गाड्या. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे गाडीत बसून कळत नाही. आम्हाला घरी पोचायला दोन तास जास्त लागले. त्या रस्त्यावर त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी हेच म्हणेन.

विजांचं तेवढं सोपं आहे. गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पाऊस थांबला म्हणून पोरं लगेच मैदानात पळतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आता इशारा आला की आमच्या घरी तो रंगाने सांगत नाही. आई फळ्यावर खडूने लिहिते: 'उद्या अकरा ते चार गच्ची बंद.' 'गाडी नदीकडच्या रस्त्याने न्यायची नाही.' शेवटच्या ओळीत एक नाव असतं, कुणाकडे कोण जाणार त्याचं. कारण समोरच्या आजींकडे बटणांचा जुना फोन आहे, बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, आणि ऐकूही कमी येतं. फोनवर इशारा येऊन गेला तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो.

हे लिहिता लिहिताच वादळाचा इशारा आला, पिवळा. रात्री नऊपर्यंत जोराचा वारा. फळ्यावर आजींच्या पुढे आज बाबांचं नाव आहे. ते चपला घालून निघालेत, आजींच्या कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवून ठेवायला.