टप्पा चार: सूर बसला आणि जीव गेला

चाळीस मिनिटं, तीन सेंट. काल रात्री घरी बांधलेला सिंथेसायझर चालू ठेवून, तो सुरातून किती उतरतो हे पाहायला ट्यूनर समोर ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा टिपत बसले होते. (सेंट म्हणजे सेमिटोनचा, हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग.) शेवटचा आकडा लिहिला, वही मिटली आणि सरळ झोपायला गेले. आणखी मोजत बसले असते तर काहीतरी बिघडलंच असतं.

मागच्या नोंदीतले आकडे ज्यांना आठवत असतील त्यांना या तीन सेंटांचं मोल कळेल. तेव्हा त्याच चाळीस मिनिटांत सिक्वेन्सचे (सिक्वेन्सर हे यंत्र फिरवून फिरवून वाजवतं त्या स्वरमालेचे) वरचे स्वर ५७ सेंट उतरले होते, म्हणजे अर्ध्या सेमिटोनपेक्षाही जास्त. खालचा स्वर मात्र जागचा हलत नव्हता. सप्तकच आकसत होतं म्हणा ना.

टप्पे थोडक्यात. टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा एकेक काळ घ्यायचा आणि त्या काळातला आवाज घरच्या सामानावर उभा करायचा. पहिला टप्पा १९७०चा, त्यात सिंथेसायझर नाहीच: गिटार, ऑर्गन, चेलो, ड्रम आणि टेपची कापाकापी. दुसरा १९७२चा, ‘झाइट’ या अल्बमचा. तिसरा ‘आटेम’, तो मी घाईत उरकला आणि ते मला मान्य आहे. चौथा १९७४चा ‘फेड्रा’. इथे गाडी अडली ती साडेतीन महिने.

आता गुन्हेगाराची गोष्ट. खरं तर गुन्हेगार दोन निघाले, आणि दोघांच्या बोटांचे ठसे सारखेच. म्हणून तर एवढा वेळ गेला.

पहिला संशय अर्थातच एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरवर, म्हणजे येणाऱ्या व्होल्टेजवरून ऑसिलेटरचा (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटचा) सूर ठरवणाऱ्या भागावर. एका सप्तकाला एक व्होल्ट या हिशोबाने येणारा सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) ट्रान्झिस्टरच्या जोडीतून जातो, आणि त्या जोडीचं वागणं तापमानावर ठरतं: दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन सप्तकं वर गेलात की ३६०० सेंटांचे ०.३३ टक्के म्हणजे अंशाला १२ सेंट. पेटीच्या आतली हवा चार अंश तापली की अठ्ठेचाळीस सेंट गेलेच. उपाय सगळ्यांना माहीत आहे. टेम्पको, म्हणजे तापमानासोबत ठरावीक प्रमाणात बदलणारा रेझिस्टर, ३३०० पीपीएमचा (अंशाला तेच ०.३३ टक्के), जोडीच्या पाठीला चिकटवून बसवायचा, म्हणजे दोघं एकदमच तापतात आणि एकाची चूक दुसरा खोडतो.

आणि तो मी बसवला होता! थर्मल पेस्ट लावून, वरून श्रिंक ट्यूब चढवून, अगदी देखणा. तरीही सूर उतरतच होता. मग मी जोडीवर घसरले. पन्नास ट्रान्झिस्टर घेऊन त्यातून दोन्ही ऑसिलेटरांसाठी जवळात जवळच्या दोघादोघांची सोयरीक जमवली. तीन आठवडे गेले त्यात. जोड्या बदलल्या, सूर तितकाच उतरला. अगदी तितकाच. तिथेच शंका यायला हवी होती.

शंका आली ती भलत्याच वेळी. पाकिटात उरलेला एक टेम्पको सहज चिमटीत धरला आणि मल्टीमीटर लावला. एक किलोओहमचा खरा टेम्पको बोटांच्या उबेने अंशागणिक तीन ओहमांहून जास्त सरकायला हवा. हा दगडासारखा. अर्धा मिनिट धरला, फुंकर मारली, हलेना. साधा मेटल फिल्म रेझिस्टर टेम्पको म्हणून पाठवला होता. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पत्र लिहिलं आहे, उत्तर यायचंय. पण एक सांगते: टेम्पको कुठूनही आणा, सोल्डर करण्याआधी चिमटीची परीक्षा घ्याच. मी हे साडेतीन महिन्यांची फी भरून शिकले आहे.

नवे टेम्पको दुसरीकडून मागवले. ते चिमटीत धरताच आकडा पळायला लागला तेव्हा मी एकटीच हसले. बसवले, चाळीस मिनिटं चालवलं. ५७ वरून ११ सेंट.

अकरा! आनंद व्हायला हवा होता, पण दोन सिक्वेन्स एकावर एक वाजत असताना अकरा सेंट कानाला लागतात, आणि ते शून्याकडे का जात नाहीत हे कळत नव्हतं. पुन्हा तेच चित्र: खालचा स्वर स्थिर, वर जावं तसा सूर जास्त उतरलेला. म्हणजे कन्व्हर्टरच, असं मी धरून चालले. टेम्पको पुन्हा चिकटवला. पेटीला भोकं पाडली. एक भोक तर पीसीबीच्या इतकं जवळ गेलं की ट्रॅक वाचला हे नशीब.

शेवटी कंटाळून सिक्वेन्सर काढून ठेवला आणि व्हीसीओला (व्होल्टेजवर चालणाऱ्या त्या ऑसिलेटरला) कीबोर्डवरून सीव्ही देणारी मिडी-सीव्हीची डबी जोडली, नुसतं वाजवायला. तासाभराने लक्षात आलं की सूर हललेला नाही. म्हणजे व्हीसीओ केव्हाच सुधारला होता, उतरत होता तो सिक्वेन्सर! मल्टीमीटर इतके दिवस व्हीसीओच्या टोकाला लावत होते, तो पहिल्यांदाच सिक्वेन्सरच्या सीव्ही आउटला लावला. तीन व्होल्टवर ठेवलेली पायरी चाळीस मिनिटांत सातेक मिलीव्होल्टने खाली आली. एका सेंटाला ०.८३ मिलीव्होल्ट. करा हिशोब.

कारण माझ्याच आळसात होतं. पायऱ्यांच्या पॉट्सना (सूर लावायच्या नॉबांना) व्होल्टेज मी थेट १२ व्होल्टच्या रेलवरून, म्हणजे मुख्य वीजपुरवठ्यावरून दिलं होतं, आणि रेल ७८१२ रेग्युलेटरवरून. तो तापला की त्याचं आउटपुट अंशाला साधारण एका मिलीव्होल्टने खाली सरकतं. मॉड्यूलला वीज पुरवण्यापुरतं ते चालतं, पण सूर ठरवायला ते वापरणं म्हणजे रबराची मोजपट्टी घेऊन सुतारकाम करणं. आणि रेल उतरली की सगळे सीव्ही त्याच प्रमाणात उतरतात: शून्य शून्यच, वरचे जास्त. कन्व्हर्टरच्या चुकीची हुबेहूब नक्कल. एलएम४०४०चा ५ व्होल्टचा रेफरन्स (स्थिर व्होल्टेज देणारा भाग) टाकला, पुढे ऑप-अँपचा बफर, आणि काल रात्रीचे ते तीन सेंट.

मधल्या काळात एक छोटी गोष्टही जमली, तीही नोंदवते. सिक्वेन्सरच्या नॉबांची तिसरी ओळ आता क्लॉकला (ठोक्याचा वेग ठरवणाऱ्या भागाला) जोडली आहे, म्हणजे पायरीगणिक लांबी बदलता येते. मूग सिंथेसायझरच्या ९६० सिक्वेन्सरमध्ये हीच सोय होती: आठ पायऱ्या, तीन ओळी, आणि तिसरी ओळ वेळेसाठी वापरता येई. हे हाताखाली आल्यावर टँजरीन ड्रीममधल्या क्रिस्टोफर फ्रांकेबद्दल एक गोष्ट नव्याने उमगली. तो मुळात ड्रमर, ‘अजिटेशन फ्री’ या बँडमधून आलेला. आपण सिक्वेन्सरवर आधी स्वर लावतो आणि लय मागून आणतो. तिसऱ्या ओळीवरून सुरुवात केली की उलटं होतं: आधी ठोका, मग त्या ठोक्याला सूर. मी आठही पायऱ्या एकाच स्वरावर ठेवून फक्त लांब्या बदलत अर्धा तास घालवला, आणि ‘फेड्रा’तला तो धावता बेस पहिल्यांदा माझ्या स्पीकरमधून ओळखू आला. त्या बँडने १९७४ला ड्रम सोडले असं लोक म्हणतात. माझ्या मते सोडले नाहीत, सिक्वेन्सरमध्ये घातले.

तर सकाळी उठून दोन्ही व्हीसीओ एका सुरात लावले आणि अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग केलं. मोठ्या हौसेने भावाला ऐकवलं. (आमच्या जोडीत गिटार आणि एको त्याच्याकडे, हे जुन्यांना माहीत आहे.) चार मिनिटं ऐकून म्हणाला, “ताई, हे छान आहे, पण सुरू कधी होतंय?”

राग आला. मग मार्चमधलं रेकॉर्डिंग काढलं, ते नालायक टेम्पकोचं, सूर उतरत जाणारं. ते वाजायला लागलं आणि मी गप्पच झाले. चौथ्या मिनिटाला दोन व्हीसीओंमध्ये हेलकावा सुरू होतो, आधी इतका मंद की भास वाटावा. ११० हर्ट्झच्या स्वरावर पाच सेंटांचा फरक पडला की साधारण तीन सेकंदांना एक हेलकावा येतो. दहा सेंटांना दीड सेकंद. आणि सप्तक आकसत असल्यामुळे खालचे स्वर एकजीव राहतात, वरचे तेवढे सुटत जातात. तोच आठ पायऱ्यांचा पॅटर्न, पण एकही फेरी मागच्यासारखी नाही. तंबोऱ्याच्या जोडतारा अगदी काटेकोर एक झाल्या की जी पोकळी वाटते, ती माझ्या आजच्या रेकॉर्डिंगमध्ये होती. साडेतीन महिने खपून मी नेमकी तीच कमावली.

आणि हे मला माहीत होतं! ‘फेड्रा’चा मुख्य तुकडा स्टुडिओतल्या उत्स्फूर्त वादनातून निघाला, आणि उपकरणं तापत गेल्याने ऑसिलेटर सुरातून सरकले, त्यामुळे शेवटाकडे संगीत बदलत जातं, हे आपण सगळ्यांनीच वाचलेलं. मी ते गमतीदार किस्सा म्हणून वाचलं होतं. पण ते सरकणं काढून घेतलं तर त्या तुकड्यात काय उरतं, हे आज स्पीकरमधून कळलं.

इथे मला ‘झाइट’ आठवला आणि दुपारभर तोच डोक्यात आहे. दुसऱ्या टप्प्यात आपण चार चेलोंच्या मागे लागलो होतो. त्या अल्बमची सुरुवातच चार चेलोवादकांनी होते, स्वर एकमेकांत घसरत, कुठेही ठोका नाही. बँडचा संस्थापक एडगर फ्रोझेवर लिगेटी या संगीतकाराचा प्रभाव होता असं म्हणतात तो इथे सरळ ऐकू येतो: सुरांचा ढग, आतून सरकणारा. मग दोनच वर्षांत ‘फेड्रा’ येतो, सिक्वेन्सर धावायला लागतो, आणि आपण म्हणतो शैली बदलली, लिगेटी गेला, अमेरिकन संगीतकार टेरी रायलीची पुनरावृत्ती आली. मला आता तसं वाटत नाही. ‘झाइट’मध्ये सरकण्यासाठी चार माणसं लागली होती, ‘फेड्रा’त ते काम उष्णतेने फुकट केलं. ढग तोच आहे, फक्त त्याच्याखाली चाकं लागली.

पुढचंही मग जुळतं. १९७९ला बँडमध्ये योहानेस श्मोलिंग आला, पियानोचा हात असलेला माणूस. १९८०च्या ‘टँग्रम’पासून सुरावटी आणि कॉर्ड जास्त रचलेले वाटतात, पुढे पीपीजी सिंथेसायझरांच्या डिजिटल वेव्हटेबलांचा (साठवलेल्या ध्वनिलहरींचा) काळ आला आणि सूर हलायचा थांबला. सूर आपणहून सरकत नसेल तर बदल घडवायला कॉर्डच बदलावा लागतो, तुकडा लिहावाच लागतो. श्मोलिंगमुळे शैली बदलली हे खरंच आहे, पण स्थिर ऑसिलेटरांनी त्याला जागा करून दिली असं माझं मत. भाऊ म्हणतो हे सगळं मी माझ्या टेम्पकोच्या दुःखातून रचते आहे. असेल.

तर योजना बदलते आहे. पुढची नोंद पाचव्या टप्प्याची, ‘टँग्रम’ची असणार होती. ती लांबली. आधी विचार होता की जुने खोटे टेम्पको परत बसवावेत, ते फेकलेले नाहीत. पण त्यात आपल्या हातात काही राहत नाही, ऊन पडलं की ५७ सेंट, ढग आले की वीस. मग लिहिता लिहिता सुचलं: पहिला व्हीसीओ आहे तसाच ठेवायचा, खुंटीसारखा घट्ट. दुसऱ्याचा टेम्पको जोडीपासून सोडवून लांब बसवायचा, आणि जोडीच्या पाठीला त्याच्या जागी ६८० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर चिकटवायचा. १२ व्होल्टला तो ०.२ वॅट उष्णता देतो. हवे आहेत दहाबारा सेंट, म्हणजे वरच्या स्वरांना जेमतेम एक अंश. त्यामुळे पूर्ण वीज द्यायचीच नाही, ट्रान्झिस्टरमधून एका नॉबवर घ्यायची. आणि नॉबच्या जागी सीव्ही दिला की सरकणं हेच एक मॉड्यूल होतं.

जेवणानंतर ब्रेडबोर्डवर उभं केलं. नॉब अर्धा फिरवला की चाळीस सेकंदांत वरचा स्वर नऊ सेंट उतरतो. बंद केल्यावर परत यायला मात्र तीन मिनिटं लागतात, कारण तापवणं आपल्या हातात आहे, निववणं नाही. सुरुवातीला हा दोष वाटला. आता वाटतं की तो दोष नाही, वाक्यरचना आहे: पटकन सुटायचं आणि सावकाश परतायचं. एलएफओने (मंद गतीच्या ऑसिलेटरने) व्हायब्रेटो देऊन हे करून पाहिलं, मुळीच तसं वाटत नाही. एलएफओ सगळ्या स्वरांना सारखंच हलवतो, उष्णता वरच्यांना जास्त हलवते.

भावाने ऐकलं, गिटार घेऊन आला, वीस मिनिटं आम्ही बोललो नाही.

आता डोक्यात चार व्हीसीओ आहेत, चौघांना चार हीटर, सिक्वेन्सर काढून ठेवलेला, चौघं एकाच स्वरावर. म्हणजे दुसरा टप्पा पुन्हा उघडणार, चेलोंशिवाय. त्यासाठी आणखी दोन मॅच केलेल्या जोड्या लागतील, आणि पन्नासातले उरलेले शेहेचाळीस ट्रान्झिस्टर डबीत आहेतच. एकच अडचण दिसते: चौघं एका पेटीत बसवले तर एकाची ऊब शेजाऱ्याला लागेल. मध्ये कॉर्कची भिंत घालावी की लागू द्यावी, हे ठरत नाहीये. कुणी हीटरवाली जोडी बंद पेटीत चालवली असेल तर शेजारच्या मॉड्यूलपर्यंत किती अंश पोचतात तेवढं सांगा. तोवर झाकण उघडंच ठेवते.