आडनाव न विचारता

शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

आज इथे अमेरिकेत, आमच्या राज्यशास्त्र विभागात प्राध्यापकपदाच्या दुसऱ्या उमेदवाराचे व्याख्यान झाले. सकाळी साडेसातच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत त्या बाई आमच्या ताब्यात होत्या. अर्ध्या अर्ध्या तासाने एकेका प्राध्यापकाची खोली, मध्ये डीनची भेट, दुपारी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांबरोबर पिझ्झा, मग पाऊण तासाचे व्याख्यान आणि त्यावर प्रश्न. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाची आठवण मी दर वेळी मागे सारते. पण जेवणाच्या टेबलावर आम्ही पाच जण पाळीपाळीने प्रश्न विचारत राहिलो आणि त्यांच्या ताटलीतला मासा तसाच निवत गेला, तेव्हा ती यायची ती आलीच.

जागा आहे ‘अमेरिकी राजकारण : वंश आणि वांशिकता’ या विषयाच्या सहायक प्राध्यापकाची, म्हणजे पाच-सहा वर्षांचे काम तपासून मग कायम करण्याची. जाहिरात ऑगस्टअखेर निघाली आणि शंभरावर अर्ज आले. माझा अभ्यास महाराष्ट्रातल्या पंचायतींचा; निवड समितीत एक जण विषयाबाहेरचा असावा म्हणून मला घेतले, असे सांगण्यात आले. समितीच्या पाच जणांत गोरी नसलेली मी एकटीच आहे, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. (मौज अशी, की १९७० च्या जनगणनेत आम्हां भारतीयांची गणना गोऱ्यांतच झाली होती, ‘एशियन इंडियन’ हा रकाना १९८० साली आला. त्याआधी, १९२३ साली, भगतसिंग थिंड यांना मात्र इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते गोरे नाहीत असे ठरवून नागरिकत्व नाकारले होते.)

सकाळी गाडीत असताना सोलापूरहून आईचा फोन आला. मी जागेचे वर्णन केल्यावर ती म्हणाली, “म्हणजे राखीव जागाच म्हण की.” मी म्हटले, “नाही गं, इथे तसं करताच येत नाही.” त्यावर क्षणभर थांबून तिने विचारले, “मग विषयाचं नाव तसं कशाला ठेवलंय?”

कायद्यापुरते मी तिला बरोबरच सांगितले होते. वंश पाहून नोकरी देणे किंवा नाकारणे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय आमच्या मिशिगनमध्ये २००६ साली मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून सार्वजनिक नोकऱ्यांत आणि शिक्षणात वंश, वर्ण किंवा लिंग यांवर आधारलेले प्राधान्य बंद केले. पण आमच्या विभागात आज एकही कृष्णवर्णीय प्राध्यापक नाही, आणि ही जागा मंजूर होताना सर्वांच्या मनात ते होते, हेही तितकेच खरे आहे. जे उघड म्हणता येत नाही ते विषयाच्या नावाआडून म्हणायचे, असा हा मार्ग आहे आणि मला तो पटत नाही. त्यात विषयाचाही मान राहत नाही आणि माणसाचाही. राखीव जागेवर आपल्याकडे रोज भांडणे होतात, पण ती जागा राखीव आहे हे निदान जाहिरातीत छापलेले असते.

विषयाच्या मानाचे म्हणाल तर राल्फ बंच यांचे उदाहरण पुरे. राज्यशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय, १९३४ साली हार्वर्डमधून. १९५० साली शांततेचे नोबेल आणि १९५३ साली अमेरिकेच्या राज्यशास्त्र संघटनेचे अध्यक्षपद. त्याच संघटनेत वंश आणि राजकारण यांच्या अभ्यासाला स्वतःचा विभाग मिळायला मात्र १९९५ साल उजाडले. आजही आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अत्यंत सौम्य आवाजात विचारलेच, की हे सारे समाजशास्त्रात अधिक शोभले नसते का. उमेदवाराने मनगटी घड्याळ काढून समोर ठेवले होते. त्याकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, की ज्या देशात मत कोणी द्यायचे यावरून यादवी युद्धानंतर शंभर वर्षे झगडा चालला, तिथे हा विषय राज्यशास्त्राचा नसेल तर राज्यशास्त्राकडे उरते काय?

व्याख्यान मतदारसंघांच्या फेररचनेवर होते. अलाबामात काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सात जागा आहेत आणि लोकसंख्येत चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय. तरीही त्यांचे प्राबल्य असलेला मतदारसंघ एकच आखला होता. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे १९६५ च्या मतदान हक्क कायद्याला धरून नाही असे म्हटले, नवा नकाशा आला, आणि गेल्याच महिन्यात दुसऱ्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स निवडून आले. मी विचारले, की आमच्याकडे पुणे करारापासून मतदार सगळे आणि उमेदवार मात्र ठरलेल्या समाजाचा, अशी रीत आहे. तुमच्याकडे नेमके उलटे, मतदार आखून घ्यायचे आणि उमेदवार मोकळा सोडायचा. यातले कोणते बरे? उत्तराच्या सुरुवातीला त्यांनी आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख केला, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागणाऱ्या त्या पत्राचा. आज तारीख कोणती आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि मीही ते बोलले नाही.

पुढचे उत्तर मला थेट लागले. उमेदवार मोकळा सोडला की काय होते हे तुम्हाला शेजारीच दिसेल, असे त्या म्हणाल्या. डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे शहर. १९५५ पासून काँग्रेसमध्ये त्याचा एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी असे. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत एकाच जागेसाठी अनेक उमेदवार उतरले, मते फुटली आणि श्री ठाणेदार जिंकले. सभागृहातल्या दोघातिघांनी माझ्याकडे पाहिले. बेळगावकडचा मराठी माणूस काँग्रेसमध्ये गेला म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळात त्या वर्षी केवढा आनंद झाला होता. त्याच निकालाने डेट्रॉइटमधल्या कित्येकांचे काय गेले, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

आता कबुली. सप्टेंबरात मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी आम्हाला बसवून काय विचारायचे नाही ते समजावले होते : वय, लग्न, मुले, जन्माचा देश. मला ते फार आवडले होते. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत, तिकडे, मला पूर्ण नाव दोनदा विचारले होते आणि आडनावाने समाधान न झाल्यामुळे मग मूळ गाव. पण त्याच रात्री अर्ज वाचायला बसले आणि नाव वाचून अंदाज लागेना म्हणून मी एकाचे संकेतस्थळ उघडले, फोटो पाहायला. मग दुसऱ्याचे. तिसऱ्याच्या पानावर फोटोऐवजी तळ्याकाठी बसलेला कुत्रा होता आणि माझी चक्क निराशा झाली, तेव्हा कुठे मी काय करते आहे ते माझ्या ध्यानात आले. मूळ गाव विचारणारे ते गृहस्थ आणि मी, यांत फरक एवढाच की माझा प्रश्न कोणाच्या कानावर गेला नाही. आजच्या बाई गोऱ्या की काळ्या हे मी इथे मुद्दामच लिहीत नाही.

आत्ता अकरा वाजले आहेत आणि मूल्यमापनाचा तक्ता समोर आहे. ‘जमेच्या बाजू’ या रकान्यात मी पहिले वाक्य लिहिले, की विद्यार्थ्यांना या आपल्याशा वाटतील. मग थांबले. हे मी कशावरून म्हटले? त्यांच्या वर्गात मी बसलेले नाही. मानसशास्त्रज्ञ आमादो पादिया यांनी १९९४ साली ‘सांस्कृतिक कर’ असा शब्द वापरला तो याच्यासाठीच : चेहरा पाहून आपण एखाद्याच्या दारात सगळ्या विद्यार्थ्यांची अडचण, सगळ्या समित्यांचे काम नेऊन टाकतो, आणि कायम करताना मात्र लेख मोजतो. तो कर मी नेमणुकीआधीच लावून मोकळी झाले होते. वाक्य पुसले. त्याजागी अलाबामाच्या नकाशांवरचे त्यांचे काम आणि विदा हाताळण्याची पद्धत यांविषयी चार ओळी लिहिल्या, ‘शंका’ या रकान्यात दक्षिणेबाहेरच्या राज्यांवर अजून काही लिहिलेले नाही असे नोंदवले. तिसरे उमेदवार मंगळवारी येत आहेत. त्यांच्या पानावर तो कुत्रा आहे.