क्रूझच्या बॅगेत कोविडची किट्स

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग आम्ही दिवाळीतच करून ठेवलं होतं. मे 2025 उजाडला आणि बातम्या सुरू झाल्या, सिंगापुरात कोविड पुन्हा वाढतोय. तिथल्या आरोग्य खात्याच्या अंदाजाने 27 एप्रिल ते 3 मे या आठवड्यात 14,200 रुग्ण होते, त्याच्या आदल्या आठवड्यात 11,100. घरात घाबरलं कुणीच नव्हतं. पण सोबत सासूबाई येणार होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, जुना मधुमेह आणि बुफेतला एकही गोड पदार्थ न सोडण्याचा निर्धार.

ट्रॅव्हल एजंटकडे विचारलं. जहाजाला टेस्ट लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही. सिंगापूरलाही नाही, फक्त पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, त्यात तब्येतीचे दोन-चार प्रश्न. झालं. नवरा म्हणाला, ‘‘कुणी मागतच नाहीये, तर टेस्ट किट्सचं ओझं कशाला?’’ मी म्हटलं, मागत नाहीत म्हणूनच न्यायची. पूर्वी गँगवेवर, म्हणजे जहाजात शिरायच्या जिन्यावर, चढण्याआधी सगळ्यांचीच तपासणी व्हायची; आता शेजारच्या केबिनमधला खोकतोय तो एसीमुळे की आणखी कशाने, हे त्यालाही माहीत नसतं. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या क्रूझ जहाजावर 3,711 माणसं होती आणि त्यातली सातशेहून जास्त बाधित निघाली. आता लस आहे, विषाणूही तो राहिलेला नाही. पण लिफ्ट त्याच, बंदिस्त नाट्यगृह तेच.

खरा मुद्दा आमच्या डॉक्टरांनी सांगितला. सासूबाईंच्या वयात पॅक्सलोव्हिडसारखं कोविडचं औषध द्यायची वेळ आली, तर ते लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हायला हवं. जहाजावर ‘साधी सर्दी असेल’ म्हणत तीन दिवस काढले की उरले किती? शिवाय त्यांच्या बाकीच्या गोळ्यांशी ते जुळतं का, हे आधी बघावं लागतं. म्हणून चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून घेतला. समुद्रात मोबाइलची रेंज गेली की फोनमधल्या नंबराचा काय उपयोग?

आता किट्स. सिंगापूरचा व्हिसा एजंटने बसल्या जागी करून दिला, किट्सनी मात्र आख्खं नाशिक फिरवलं. कॉलेज रोडवर तीन-चार मेडिकलवाल्यांनी मान हलवली. एकाने ‘‘ताई, आता कोण घेतंय?’’ असं विचारलं, गंगापूर रोडवर एका पोराने ‘घरी करायची टेस्ट’ एवढंच ऐकून प्रेग्नन्सीचं किट पुढे केलं. शेवटी गोळे कॉलनी गाठली. औषधांचा होलसेल बाजार, सगळीकडे खोकी आणि त्यातून वाट काढणाऱ्या टू-व्हीलर. तिथे एका दुकानात माळ्यावरून एक खोकं उतरवलं. मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हीसेल्फ या घरी करायच्या किटला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मंजुरी दिली तेव्हा किंमत अडीचशे होती. माझ्यासमोरचं किट दुसऱ्या कंपनीचं आणि त्याहून स्वस्त होतं. दुकानदार मोजायला लागला, तेवढ्यात मी एक पाकीट उलटं केलं. मुदत महिनाभरात संपत होती. आमची ट्रिप त्या आत बसत होती खरी, पण कडेला पोचलेला माल परदेशात का न्यायचा? पुढच्या तारखेची हवीत म्हटल्यावर त्याने दोन दिवसांनी मागवून दिली.

अमेरिकेतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, तारीख उलटली तरी चालतं, आमच्याकडे वाढवून दिली होती. ती वाढ तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध प्रशासनाने, तिथल्या ठरावीक किट्सना दिली होती. गोळे कॉलनीतल्या खोक्याला ती लागू पडत नाही.

घ्यायची किती, यावर घरात चर्चासत्र झालं. मी माणशी दोन धरली, वर सासूबाईंसाठी एक जास्तीचं. माणशी एक पुरत नाही. लक्षणं असून पहिली निगेटिव्ह आली, तर 48 तासांनी दुसरी करावी, असं अमेरिकेच्या एफडीएने 2022 मध्येच सांगितलंय. सुरुवातीला विषाणू कमी असतो, तेव्हा रेघ उमटतच नाही.

बाहेरची कार्डबोर्डची खोकी घरीच टाकली, जागा फार खातात. माहितीपत्रक एक ठेवलं. आतलं चंदेरी पाकीट मात्र फोडायचं नाही. त्यात दमट हवा शिरली की पट्टी बिघडते, आणि बॅच नंबर नि मुदत पाकिटावरच असते. नळीतला द्राव काही थेंबांचा, त्यामुळे केबिन बॅगेत शंभर मिलीच्या नियमाची अडचण नाही. मुंबई विमानतळावर कुणी पाहिलंसुद्धा नाही. पाकिटावर 2 ते 30 अंश लिहिलेलं असतं. मेमध्ये अवकाळीने ऊन मवाळ केलं होतं, तरी बंद गाडीच्या डिकीचा भरवसा नाही. कसारा घाट उतरताना ती पिशवी माझ्या पायाशी आणि चिवड्याचे पुडे डिकीत, यावरून मुलीने मला बरंच ऐकवलं. जहाजावरही मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि केबिनच्या दाराशी काही तासांनी येतात. तेव्हा औषधं आणि किट्स हातातल्याच पिशवीत हवीत.

मलेशियातल्या पेनांगहून निघालो त्या संध्याकाळी नवऱ्याचा घसा धरला. एसी, थंड बिअर, सगळी कारणं त्याच्याकडे तयार होती. बाथरूमच्या कट्ट्यावर टिश्यू अंथरून किट मांडलं. स्वॅब दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायचा, आणि तोही नुसता टोकाशी गुदगुल्या करून नाही, दोन ते चार सेंटिमीटर आत. डोळ्यांत पाणी येतं, येऊ द्यायचं. मग नळीत चांगला घुसळून, कांडी मोडून, झाकण लावून पट्टीवर दोन थेंब. पंधरा मिनिटांनी बघायचं. वीस मिनिटांनंतर काही उमटलं तर ते धरायचं नाही. मोबाइलवर टायमर लावला. जहाज हलत होतं, म्हणून पट्टी साबणाच्या बशीत आडवी ठेवली. सी ची रेघ (टेस्ट नीट झाल्याची खूण) ठसठशीत, टी ची (विषाणू सापडल्याची) जागा कोरी.

निगेटिव्ह. तरी त्याने एन-95 लावला, जेवायला वेगळ्या टेबलावर बसला, आणि मुलीची झोपायची सोय आजीकडे केली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, निगेटिव्ह आलंय ना? मग त्याला वाळीत का टाकताय?’’

दुसरी टेस्ट क्रूझच्या शेवटच्या संध्याकाळी. टी च्या जागी पुसट, नखाने ओरखडा काढावा तशी रेघ. पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच, आयसीएमआरच्याही सूचनेत पॉझिटिव्हला पुन्हा तपासणी नको असंच आहे. केबिनच्या फोनवरून मेडिकल सेंटरला कळवलं. नवरा क्षणभर म्हणाला, उद्या उतरायचंच आहे, गप्प बसूया. मुलीने बापाकडे असं काही पाहिलं की फोन त्यानेच केला. मास्क लावलेली नर्स आली, स्वतःच्या किटने पुन्हा तपासलं, जेवण दाराशी येईल म्हणाली. सकाळी त्याला सगळ्यांच्या शेवटी उतरवलं.

सासूबाईंचं किट त्याच रात्री केलं आणि दोन दिवसांनी सिंगापूरच्या हॉटेलात पुन्हा. दोन्ही वेळा कोरं. तोवर आमचा साठा संपत आला होता, पण तिथे चिंता नाही. एआरटी (अँटिजेन रॅपिड टेस्ट) म्हणून मागितलं की वॉटसन्स, गार्डियन या औषधांच्या दुकानांत सहज मिळतं. आधी माहीत असतं तरी मी नाशिकहून नेलीच असती, कारण घसा धरला तो समुद्रात.

एक गोष्ट जहाज सोडायच्या आधी करा. मेडिकल सेंटरकडून तपासणीचा शिक्क्याचा कागद आणि बिल मागून घ्या. नवऱ्याची तपासणी डॉलरमध्ये आकारली गेली, आणि विमा कंपनीने आमच्या किटचा वेळेसकट काढलेला फोटो सरळ बाजूला ठेवला. पैसे मिळाले ते जहाजाच्या कागदावर.